मनातल्या मनात खराडीला

१८ नोव्हेंबर, रविवार
पतसंस्थेची गेल्या वर्षीची डायरी कोरीच पडली होती. वार खोडून नवे घातले की झालं.
ऋतुजाचं लग्न बरोबर चार आठवड्यांवर. देवासमोर बसून दोन संकल्प केले. एक, माझ्या सासरकडच्या ब्याण्णव माणसांची नावं तोंडपाठ करणार. दोन, खराडीला सोजरआत्यांकडे मी स्वतः अक्षत घेऊन जाणार आणि पाया पडून क्षमा मागणार.
हे म्हणाले, मी जातो. मी म्हटलं, पाप माझं आहे, तुम्ही कशाला?

१९ नोव्हेंबर, सोमवार
पाप लिहूनच टाकते. सात वर्षांपूर्वी कर्वेनगरच्या ह्या फ्लॅटची वास्तुशांत होती. बेल वाजली. दारात म्हातारी, डोईवर पदर, काखेत पिशवी. मी म्हटलं, "आज काही घ्यायचं नाही बाई, घरात कार्य आहे." तिने पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि जिना उतरून गेली. पिशवीत पाच किलो बाजरी.
त्या सोजरआत्या होत्या. ह्यांच्या वडिलांची सख्खी बहीण. सासूबाई लवकर गेल्या म्हणून ह्यांना, म्हणजे त्यांच्या सर्जाला, खराडीला नेऊन दहावीपर्यंत त्यांनीच वाढवलं. दोन बस बदलून आल्या आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या.
चष्मा माझ्या डोक्यावर होता, जिन्यातला दिवा गेलेला होता, हेही लिहून ठेवते.
बाजरी आम्ही महिनाभर खाल्ली. टाकून तरी कशी द्यायची?

२१ नोव्हेंबर, बुधवार
महिला मंडळात स्मरणशक्तीच्या मॅडम आल्या होत्या. पद्धत अशी: आपलं घर डोळ्यांसमोर आणायचं. एकेका जागी एकेक माणूस बसवायचा, काहीतरी विचित्र करताना. मग मनाने घरभर फिरायचं, नावं आपोआप येतात. चित्र इतकं स्पष्ट हवं की खरं वाटलं पाहिजे, म्हणाल्या.
पहिला तास फुकट होता. पुढच्या अकरा तासांची फी आहे. ते तास मी स्वतःच्या डोक्याने भरून काढीन. मॅट्रिकला भूगोलात मला ऐंशी होते.

२४ नोव्हेंबर, शनिवार
सुरुवात उत्तम. चपलांच्या स्टँडवर भैरूकाका बिडी ओढताहेत. फ्रिजमध्ये आप्पासाहेब भावजी, फेटा बांधून, मांडीवर दह्याचं पातेलं. हिंदुराव भावजी हॉलच्या पंख्याला लटकून फिरताहेत. एकोणतीस माणसं बसली.
मोठ्या माणसांना असं लटकवणं बरं नाही. रोज एक माळ जास्त जप करायचा ठरवला.
खराडीला उद्या जाणार.

२५ नोव्हेंबर, रविवार
रविवारी बसला गर्दी. बुधवारी जाणार.

२७ नोव्हेंबर, मंगळवार
घर एक बीएचके, पाहुणे ब्याण्णव. जागा संपली. नाइलाजाने तिघांना देवघरात बसवलं. आज नैवेद्य दाखवताना बाळकृष्णाच्या शेजारी वाघोलीचे श्यामकाका मांडी घालून बसलेले दिसले. नैवेद्याकडे बघत होते. मी हात जोडले ते नक्की कोणाला, कळेना. दोन माळा जास्त केल्या.
ऋतुजा म्हणाली, "आई, पंख्याकडे बघून काय पुटपुटतेस? तुझ्यामुळे लग्न मोडेल." आजकालच्या मुलींना साधना म्हणजे काय ते कळत नाही.

२८ नोव्हेंबर, बुधवार
खराडीला निघालेच होते. पण अक्षतीच्या तांदळाला लावलेलं कुंकू ओलसर वाटलं. सुकू दे.
इतक्या थोर माणसाकडे तयारीशिवाय जाणंही चूकच. मॅडम म्हणाल्याच होत्या, अवघड प्रसंग आधी मनात करून पाहावा. दुपारी आडवी होऊन केला. दोन पायऱ्या, शेणाने सारवलेला ओटा, कडुनिंब, खाली बसून शेंगा फोडणाऱ्या आत्या. पायऱ्या चढले. आत्यांनी वर पाहिलं, आणि माझी झोप मोडली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार
आज ओट्यावर पोचले. "आत्या, माझं चुकलं, मला पदरात घ्या," हे वाक्य पक्कं केलं. आत्या शेंगा फोडतच राहिल्या. राग आहे अजून. साहजिक आहे.
नावं एकसष्ट.

३ डिसेंबर, सोमवार
संध्याकाळी हे म्हणाले, आत्याचं तेवढं बघ हं, तिला अक्षत सगळ्यांच्या आधी जायला हवी होती. बाकी सगळीकडे ह्यांचं जाऊन झालं. मी म्हटलं, मोठ्यांचा मान शेवटीच असतो, घाई करू नका.
रात्री मला वाईट वाटलं. पण काही कामं घाईत बिघडतात हेही खरंच ना.
आज आत्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

६ डिसेंबर, गुरुवार
आज आत्या म्हणाल्या, "बस की गं." शेणाचा वास आला, शपथ. बसल्यावर ओट्याचा गारवासुद्धा लागला. मॅडमची पद्धत खरंच थोर आहे.
नावं ब्याऐंशी. सोजरआत्यांना घरात कुठे बसवू? कुठेच नको. त्यांचं नाव कोण विसरेल?

९ डिसेंबर, रविवार
झालं! पाया पडले, वाक्य न अडखळता म्हटलं. आत्या रडल्या, मी रडले. गुळाचा चहा दिला. उठताना माझी ओटी भरली. सात वर्षांची मोळी डोक्यावरून उतरली. यादीत सोजरआत्यांपुढे बरोबरची खूण केली आणि देवापुढे साखर ठेवली.
आता हलक्या मनाने उरलेली दहा नावं करीन.

१३ डिसेंबर, गुरुवार
जेवताना ह्यांनी विचारलं, "आत्याकडचं झालं ना?"
"झालं. चहासुद्धा घेतला."
"काय म्हणाली?"
"म्हणाल्या, सुखी राहा."
हे हात न धुताच गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आत आले, डोळे लाल. दोन घास जास्त जेवले. इतका आनंद ह्यांना मी पंचवीस वर्षांत दिला नसेल.

१६ डिसेंबर, रविवार. रात्री
लग्न निर्विघ्न पार पडलं. ब्याण्णवपैकी एकोणनव्वद नावं बिनचूक! हिंदुराव भावजींना बघितल्यावर मान आपोआप वर जायची, त्यांनी दोनदा स्वतःच्या डोक्यावर काय आहे ते पाहिलं, पण नाव बरोबर सांगितलं. माइकवरच्या माणसाने स्वागतात आप्पासाहेब भावजींना गाळलं, ते मीच त्याच्या कानात सांगितलं. भावजी माइककडे बघून हसले आणि पुढच्या खुर्चीत येऊन बसले. वाघोलीच्या बायका म्हणाल्या, वहिनी, तुम्ही तर मतदारयादीच पाठ केलीत.
सोजरआत्या मात्र आल्या नाहीत. त्यांचा मुलगा संभाजीही नाही. हे तीन वाजेपर्यंत हॉलच्या फाटकाशी उभे होते. एक ताट झाकून ठेवायला लावलं होतं. शेवटच्या पंगतीनंतर ते कोणीतरी उचललं.
खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. माणसाने इतकं जाऊन पाय धरावेत, आणि तरी?

१७ डिसेंबर, सोमवार
सकाळी मी म्हणालेच, मोठ्या माणसाने इतका राग धरू नये. ह्यांनी संभाजीला फोन लावला. नुसतं हं, हं करत होते. फोन ठेवला.
"तो म्हणतो, आम्हाला बोलावलं कोणी? आई रोज विचारायची, सर्जाच्या पोरीची अक्षत आली का. तू कोणत्या दिवशी गेली होतीस?"
मी सगळं सांगितलं. दोन पायऱ्या, सारवलेला ओटा, कडुनिंब, शेंगा, गुळाचा चहा. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
मग म्हणाले, "ते घर पाडून चार वर्षं झाली. तिथे बारा मजली बिल्डिंग आहे. आत्या नवव्या मजल्यावर राहते. मी तुला सांगितलं होतं."
सांगितलं असेल. खराडीचा विषय निघाला की मी भाजी बघायला उठत असे.
अजूनही मला वाटत होतं की ह्यांचंच काही चुकतंय. ओटी भरलेली आठवतेय ना मला. कपाट उघडलं. पहिल्याच पत्रिकेवर माझ्या हाताने लिहिलेलं, श्रीमती सोजरबाई यांस. बोटांनी लावलेलं हळदकुंकू, शेजारी अक्षतीची पुडी. दोरासुद्धा सुटलेला नाही.
हे ओरडले असते तर बरं झालं असतं. आंघोळीला गेले. नळ बराच वेळ नुसताच चालू होता. मी पाणी वाया जातंय म्हणाले नाही.

२३ डिसेंबर, रविवार
सात दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीही स्वतःशी कामापुरतंच बोलते आहे.
आज म्हणाले, पुढच्या रविवारी जायचं. मी म्हटलं, बरं. तयारी करते असं म्हणणार होते, ते गिळलं.

३० डिसेंबर, रविवार
रिक्षाने गेलो. लिफ्टने वर. दार आत्यांनीच उघडलं. हातात काठी, बाकी तशाच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आलीस व्हय. या, बसा."
सोफ्यावर बसले. वाक्य आलं नाही. मनात तर चौदा वेळा म्हटलं होतं. लाडवांचा डबा पुढे केला. संभाजीने तो टीपॉयवर ठेवला, उघडला नाही. ह्यांनी लग्नाची सीडी आणली होती. संभाजीने टीव्हीवर लावली.
माणसं दिसायला लागली तशी मी नावं सांगू लागले. काहीतरी सांगायला तर हवं. हे श्यामकाका. हे हिंदुराव भावजी. ही त्यांची धाकटी सून. एकही चुकलं नाही. पंधरा-वीस नावं झाल्यावर आत्या शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय गं. माझ्याच म्हायेरची हाईत समदी. ह्या श्यामला म्या न्हाऊ घातलाय."
पुढची नावं मी मनातच ठेवली. हे खिडकीतून खालचं पार्किंग बघत होते.
आत्यांनी पूर्ण सीडी बघितली, अडीच तास. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनीही बसल्या जागेवरून हात थोडा वर केला, आणि तसाच खाली घेतला. शेवटी पंगती आल्या. वाढपी, जिलबी, बायकांची रांग. आत्या पुढे वाकून बघत होत्या.
"जेवणं बरी झाल्याली दिसत्यात," म्हणाल्या.
मी म्हटलं, हो.