कांबळेतला ळ

शनिवार, ऑगस्ट १९९९, डोंबिवली

नाहीच भांडावं लागलं! नेटवरच्या त्या ओपन सोर्स, म्हणजे कोणीही सुधारावा अशा, मराठी फॉन्टमध्ये ळ नव्हता. कांबळे टाइप केलं की शेवटी रिकामा चौकोन. माझंच आडनाव! क्लासमधला मंदार म्हणालेला, "अगं, झाप ना त्या फॉन्टवाल्याला. ळ कसा विसरतो कोणी?" पण तो परदेशातला माणूस नोकरी सांभाळून फॉन्ट बनवतो, वर फुकट वाटतो. त्याला मी कशाला झापू? आधी फॉन्टमध्ये भर घालणाऱ्यांसाठी त्याने दिलेल्या सूचना पूर्ण वाचल्या. मग त्याच्याच पद्धतीने ळ काढला आणि 'चालेल का बघा' म्हणून पाठवला.

आज सायबर कॅफेत त्याचा मेल मिळाला. घेतला त्याने माझा ळ! मदत करणाऱ्यांमध्ये नावसुद्धा टाकलंय. कांबळे, अख्खं, चौकोनाशिवाय. प्रिंटआउट घरी आणलं तर आई म्हणते, "इंग्लिश मीडियमची ना तू? शाळेत ळ उलटा काढायचीस!" पण तिनेच ते शेजारच्या काकूंना दाखवलं. दोनदा.

आता एकच अडलंय. तो विचारतोय, ह्या अक्षराचा उच्चार कसा करायचा? ज्याने आयुष्यात कधी ळ ऐकलाच नाही, त्याला तो इंग्लिशमध्ये लिहून कसा सांगायचा? तुला काय वाटतं गं, डायरी?