सुटलेला हात

सोमवार, ३ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्रात दोघंही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. या वेळी निम्मंच लिहिते: मी खुशाल आहे. फोन केला नाही, कारण आई गेल्यापासून घर इतकं शांत झालंय की शेजारच्या खोलीतली कुजबुजही बाबांना ऐकू जाते.

छापखान्याच्या वरच्या हॉलमधला आमचा कुंग फूचा वर्ग तुला माहीत आहे. बाबा तिथे वीस वर्षं जातायत, मी दोन. गेल्या महिन्यापासून सरांनी मला बाबांच्या जोडीला दिलंय. ‘चिकट हात’ नावाचा सराव असतो. समोरासमोर उभं राहायचं, मनगटं एकमेकांना टेकवायची, डोळे मिटायचे आणि हात गोल फिरवत राहायचं. समोरच्याने जोर लावला की वाट द्यायची. त्याचा हात सुटला की आपला हात आपोआप सरळ पुढे, त्याच्या छातीवर. लपंडावात बाबांनी कधी धड डोळे मिटले नाहीत, बोटांच्या फटीतून बघायचे. इथे मात्र साधूसारखे उभे असतात.

परवा शनिवारी माझ्या नाकाला खाज सुटली म्हणून मी डावा हात उचलला. बाबांचा उजवा हात पुढे यायला हवा होता. आला नाही, हवेतच गोल फिरत राहिला. खात्रीसाठी मी आणखी दोनदा उचलला. तेच. तिन्ही वेळा मी हात गुपचूप परत टेकवला आणि पुढे चालू ठेवलं. त्यांच्या डाव्या हाताशी असलं काही करायची सोय नाही, लगेच थाप बसते.

क्रेनच्या केबिनमध्ये ओझं खाली-वर करायचा दांडा बाबांच्या उजव्या हातात असतो, आणि खाली चार माणसं उभी असतात. सांगितलं तर एकोणतीस वर्षांनी बाबांना तिथून कायमचं उतरावं लागेल. नाही सांगितलं तर काय, ते मला लिहवत नाही. रोज सकाळी त्यांचा डबा भरते, पण जीभ रेटत नाही. मला भीती वाटते.

लवकर लिही, आणि धाकटीवर आहे तेवढा जीव राहू दे.

तुझी,
खारुताई

&nbsp;

रविवार, ९ मार्च

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मास्तर म्हणून, कारण तुझं अक्षर अजून मुंगी शाईत बुडवून सोडल्यासारखं आहे. दुसऱ्यांदा मुलगा म्हणून.

तुझं अवघड जागेचं दुखणं मला कळतं, पण खालच्या चार माणसांना ते कळायचं कारण नाही. बाबांना सांग. तुझ्याच्याने होत नसेल तर पुढच्या रविवारी मी स्वतः त्यांच्या साहेबांना कळवीन. बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल. तसेही आमचे संवाद हवापाण्यापलीकडे कधी गेले?

एक मात्र मला उमगत नाही. लहानपणी त्यांची पत्त्यांतली लबाडी पकडून घर डोक्यावर घेणारी तू, आताच कशी गप्प बसलीस?

जेवणाची हेळसांड करू नकोस. मायेत खंड नाही, रागात थोडा आहे.

तुझा,
दादा

&nbsp;

शनिवार, १५ मार्च

चि. खारुताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंपनीच्या कामाला म्हणून निघालो तो काल दादाकडे पोचलो. काम कसलं, इथल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. मानेत नस दबली आहे. हात थोडाफार सुधारेल म्हणतात, पण क्रेनचं नाव काढायचं नाही.

दादाने तुझं पत्र मला दाखवलेलं नाही. ते टेबलावर होतं आणि मी वाचलं. सवयी जात नाहीत.

तू ते पत्र लिहीत बसलीस, त्याच सोमवारी सकाळी मी साहेबांना सांगून केबिनची किल्ली दिली. तेव्हापासून तू भरलेला डबा मी खाली अवजारांच्या खोलीत खातो. खालून क्रेन फार उंच दिसते. तुला सांगायला हवं होतं, पण माझीही जीभ रेटली नाही. तुझ्यावर गेलो असेन.

जानेवारीपासून मला उजव्या हाताचा संशय होता. वर्गातले सगळे माझ्या वयाचा मान राखून हरतात, त्यांच्याकडून काही कळलं नसतं. म्हणून मीच सरांकडे तुला मागून घेतलं. सात वर्षांची होतीस तेव्हाही तू मला कधी फुकट जिंकू दिलं नाहीस. म्हटलं, हात कामातून गेला असेल तर ही पोरगी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडेल.

तू ओरडली नाहीस. त्या दिवशी मी डोळे किलकिले करून बघत होतो. तीन वेळा तू हात उचललास आणि तीन वेळा परत ठेवलास. फार हळू ठेवलास. ते मला दिसलं. जाणवलं नाही.

पुढच्या शनिवारी वर्गाला येतो. जोडी तुझीच. या खेपेला हात सुटला तर सुटला म्हण, आणि लोभाची काळजी करू नकोस, तो हातात नसतो.

तुझा,
बाबा