ढालीला कुंकू

२३ सप्टेंबर
मिळालं एकदाचं काम. मांजरीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस; पण संग्रहालय गार आहे आणि डोक्यावर कोणी बसत नाही. आफ्रिकेतल्या ढाली पुसायच्या. सगळ्या नकली, तनुजा मॅडमनी आधीच सांगितलं. नकली, तर काचेत कशाला, असं मी विचारलं. हसल्या. नकलीलाही जन्मगाव असतं म्हणाल्या. कोणती ढाल कोणी केली, कातडं कुठलं, हे शोधून त्या प्रत्येकीला चिठ्ठी बांधतात. रोज काय पुसलं ते मी लिहायचं. चौथी शिकलेय, तेवढं येतं.

२६ सप्टेंबर
बहुतेक ढाली कॅम्पातल्या शमशुद्दीनभाईंनी केलेल्या, बैलाच्या कातड्याच्या. लांबट मोठीची चिठ्ठी तेवढी कोरी. भाईंना ती आठवतच नाही. तिच्यापायी मॅडमचं जेवण सुटलंय. असली दुखणी आम्हाला परवडत नाहीत.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. घरी आम्ही कोयता-खुरपंसुद्धा पुजतो. इथल्या ढालींनी काय पाप केलंय? सुरुवात कोऱ्या चिठ्ठीवालीपासून केली. हळदकुंकू लावलं, हात जोडले, तेवढ्यात मॅडम आल्या आणि चिडल्या. बाकीच्या राहिल्या. पुसायला गेले, तर कुंकू निघेना.

४ ऑक्टोबर
कुंकू गेलं. पुसलं नाही कोणी, आत मुरलं. थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, पूजा करून जागं केलंस, मग नैवेद्य दाखवलास का. नाही दाखवला. शहाणपण शिकवायला सगळे पुढे.

७ ऑक्टोबर
ढालीपुढे दहीभात ठेवला. तसाच वाळला. मनगटावरची तुळस फिकी पडलीय. लहानपणी आईनं जत्रेत गोंदवून घेतलेली. आई गेली, तिचं माझ्याजवळ एवढंच. गोंदण साबणानं जात नसतं.

८ ऑक्टोबर
ढालीवर हिरव्या रेघा, माझ्या तुळशीच्याच. मॅडम खूश, आफ्रिकेतलीच नक्षी म्हणाल्या. मी मनगट पुढे केलं. कोरं. कोऱ्यावर त्यांना काय दिसणार —

९ ऑक्टोबर
शमशुद्दीनभाई येऊन गेले. हात लावला, लगेच मागे घेतला. बैलाचं नाही म्हणाले. गरम आहे.

११ ऑक्टोबर
गेले नाही कामाला. उपयोग नाही — घरीही तेच. अंगठ्याचं कातडं पातळ, पलीकडचा दिवा दिसतो. डॉक्टर म्हणे अशक्तपणा.

१२ ऑक्टोबर
पेन धरवत नाही. मॅडमचा फोन. ढालीवर बोटांचे ठसे उठलेत — चिठ्ठीवर आफ्रिका लिहू का म्हणत होत्या. नाही म्हटलं. मांजरी लिहा. आईचं नाव लिहा. आणि माझं —