पाण्याखालचा तळ
शनिवार, १२ जानेवारी १९४६. अहमदनगर

कॅम्पातला गोरा सोल्जर मायदेशी जाताना मला छोटं लाकडी जहाज जोडायची पेटी देऊन गेला. तुकडे आयते कापलेले, नंबर घातलेले. आठ दिवसांत जोडून झालं. आज शेजारचे सुतार उस्मानचाचा आपलं जहाज घेऊन आले. कॅलेंडरवरचं चित्र बघून त्यांनी ते सागातून दोन वर्षं कोरलंय. माझं उलटं करून ते तळच बघत बसले.

"चित्रात पाण्याखालचं दिसत न्हाई, मास्तर. तळ मी अंदाजानं केला."

दोघांचे तळ वेगळे. मग बरोबर कुणाचा? दोन्ही हौदात सोडली. माझं कलंडलं, त्यांचं ताठ तरंगलं. समुद्र न पाहिलेल्या माणसाला हा तळ सुचला कसा?

विचारलं, तर म्हणाले, "घरचं बदक उलटं करून बघितलं हुतं."

उद्या ते बदक बघायला जाणार आहे.