ड्रायव्हरचं दुखणं

डोणगाव

प्रिय काजल,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. तब्येत होती तशीच आहे. गुडघा माझ्यावर कुरकुरतो, मी गुडघ्यावर कुरकुरतो, आमचा संसार चाललाय. फोन असताना बाबांना पत्राचं हे काय सुचलं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? गोळी घेतली का, भाजी काय केली, स्टूलवर चढू नका, एवढं होईपर्यंत तुझ्याकडे कुकर शिट्टी देतो आणि माझ्याकडे गाडी लागते. शिवाय मला जे सांगायचंय त्याला तू ताबडतोब नाही म्हणणार, आणि तू नाही म्हटलंस की मी ताबडतोब बरं म्हणतो. आजवर आपलं असंच होत आलं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आपलं ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस अजून हायवेला तिथंच आहे. शेजारचा रसवंतीवाला गेला, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. बाकी तेच. संध्याकाळ झाली की पुण्याच्या गाड्यांची वेळ, आणि सुट्ट्या संपल्या असल्या तर पाय ठेवायला जागा नाही. कोणाची पोरगी इंजिनिअरिंगला, कोणाचा पोरगा हिंजवडीला. पिशवीत ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आया डोळे पुसतात, बाप उगाच टायरकडे बघत उभे राहतात, आणि मी सगळ्यांना सांगतो की काही काळजी करू नका, ड्रायव्हर आपला माणूस आहे, सकाळी पोरगी वाकडला उतरली म्हणून समजा. निम्म्या गावाच्या पोरी मी माझ्या हातानं पुण्याच्या गाडीत बसवल्या. लोक म्हणतात, माणिकभाऊनं सीट दिली म्हणजे पोर सुखरूप पोचतं. हे ऐकून हल्ली मला खाली मान घालावीशी वाटते.

मागच्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा तू पुण्याच्या त्या ॲनिमेशनच्या कंपनीचं सहज बोलल्यासारखं बोललीस. तीन महिने तिकडे जाऊन शिकायचं, मग घरून काम, त्याआधी नमुना म्हणून ॲनिमेशनचा एक तुकडा बनवून पाठवायचा. मी विचारलं, मग पाठवलास का? तर तू म्हणालीस, "जाऊ द्या न बाबा, मशीनवर ड्रायव्हरच बसून नाही राह्यला. मले तसंबी तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनले या लागते." आणि लगेच गोळ्यांवर गेलीस.

मला फार वाईट वाटलं बघ. लग्नाआधीही हेच झालं होतं. तेव्हाही पुण्याचीच कंपनी, तेव्हाही तुकडा पाठवायचा होता, आणि तेव्हाही ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चित्रांचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बसला नाही. माझ्या मनात आलं, एकच दुखणं पोरीच्या नशिबी दोनदा यावं म्हणजे काय! तुझं ते जुनं कॉम्प्युटरचं मशीन मधल्या खोलीत झाकून ठेवलेलंच आहे. मी ठरवलं की इथल्या मशीनचं दुखणं आपण शोधून काढायचं. इथं औषध लागू पडलं की तेच तुला फोनवर सांगायचं, तू तुझ्या सासरच्या, मलकापूरच्या मशीनला द्यायचं, की झालं. मला मोठा शहाणपणा सुचल्यासारखं वाटलं. बुकिंगला बसल्या बसल्या हसतही होतो.

फहीमला बोलावलं. तुझ्या वर्गातला, बसस्टँडसमोर कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे तो. आता दाढी ठेवलीय, आणि दोन पोरींचा बाप झालाय. मी त्याला आधीच सांगून टाकलं की बाकी काही बघू नकोस, रोग ड्रायव्हरचा आहे, काजलनं स्वतः सांगितलंय. त्यालाही तुझ्या शब्दाबाहेर जायचं कारण नव्हतं, कारण तुझ्या मशीनमध्ये विंडोजच्या जागी असलेलं हे लिनक्स त्याला तूच शिकवलं होतंस म्हणे. मला त्यातलं काय कळणार? मला एवढंच दिसायचं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा पाऊस पडतो, शेवटी सगळं व्यवस्थित झालं असं मशीन म्हणतं, मग ते बंद करून चालू करायचं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फहीम म्हणाला, लिनक्ससोबत एक फुकटातला ड्रायव्हर येतो, तो आधीच जागा धरून बसतो, त्याला उठवायला पाहिजे. उठवला. मग म्हणाला, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवीन आणि ड्रायव्हर जुना, दोघांचं जमत नाही. नवा आणला, मग त्याच्याहून जुना आणला. मग मशीन सुरू होतानाच कसलंसं कुलूप असतं, ते परक्या ड्रायव्हरला आत घेत नाही, ते काढलं. रोज दुकान बंद करून यायचा बिचारा, चहा प्यायचा, आणि रोज हरून जायचा. मी त्याला म्हटलं, आमच्या लाइनला ड्रायव्हर इतके नखरे करत नाहीत. तेवढंच हसलो आम्ही.

मध्ये एकदा तो म्हणाला की झाकण उघडून आत बघावं लागेल. मी नाही म्हटलं. चांगलंच जोरात म्हटलं, तो दचकला. तुला कारण माहीत आहे. आई जायच्या आधीच्या दसऱ्याला तिनं विळी, शिलाई मशीन, माझा तिकिटांचा पंच, सगळ्यांची पूजा मांडली आणि तुझ्या कॉम्प्युटरलाही सोडलं नाही. तेलात कुंकू कालवून झाकणाच्या कडेवर स्वस्तिक काढलं, अर्धं झाकणावर, अर्धं पेटीवर, आणि म्हणाली, आता हे उघडायचं नाही, म्हणजे मशीन बंद पडत नाही. ती गेल्यावर मी घरातलं सगळं हळूहळू देऊन टाकलं. साड्या शेजारच्या बेबीताईंना दिल्या, भांडी तुझ्याकडे आली. ते स्वस्तिक मात्र राहिलं. धूळ पुसतानाही मी तेवढी जागा सोडून पुसत आलो. माझ्याकडे तिच्या बोटाचं तेवढंच उरलंय असं मी धरून चाललो होतो.

शेवटी फहीमनं एक वेगळीच आज्ञा दिली. मशीनच्या पोटात काय काय बसवलंय त्याची ती हजेरी घेते. एकेक नाव पडद्यावर आलं, कार्डाचं आलंच नाही. त्यानं पुन्हा हजेरी घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, कार्डच हजर नाही, त ड्रायव्हर कोनासाठी बसवून राह्यलो आपन? आता झाकन खोला लागते." मीच स्क्रू काढले. स्वस्तिक मधोमध तुटलं, आणि झाकण बाजूला झालं तेव्हा आतल्या कडेवर जुन्या कुंकवाची एक रेघ दिसली. ती बाहेरच्या रेघेशी जुळत नव्हती. तुझ्या आईचं स्वस्तिक नेहमी जरा डावीकडे कलायचं, उंबऱ्यावरचं असो नाहीतर धान्याच्या कोठीवरचं. बाहेरचं हे मात्र सरळ होतं, झाकण उघडून परत लावल्यावर नव्यानं काढलेलं. वर्षानुवर्षं मी पुसायचं टाळत आलो ते तुझ्या हातचं होतं, आणि मला कधी दिसलं नाही.

कार्डाला वेगळी वीज लागते, हे मला फहीमनं तेव्हा दाखवलं. जाड वायर असते, ती कार्डात खोचलेली पाहिजे. ती काढलेली होती. नुसती काढलेली नाही, घडी घालून, तुझ्या केसांचं लाल रबर लावून, पंख्यात अडकू नये म्हणून कोपऱ्यात सरकवलेली होती. पडद्याची वायरही मागच्या बाजूला दुसऱ्याच ठिकाणी लावलेली, कार्डाशिवाय पडदा चालावा म्हणून. उंदरानं कुरतडली असती तर मी समजलो असतो, पण उंदीर रबर लावत नाही.

फहीमनं ते रबर पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, वायर सैल झाली असेल काका, होते असं कधी कधी. मी म्हटलं, हो, होते. काजल, गाडी उशिरा आली की प्रवाशांना कारण सांगायचं काम माझं असतं. आत खरं काय घडलंय ते सांगण्यासारखं नसलं, की मी म्हणतो टायर बसला. टायरवर कोणी रागावत नाही, आणि पुढचं कोणी विचारतही नाही. आयुष्यभर लोकांना टायर सांगितलेल्या माणसाला, आपल्याच घरात पोरीनं ड्रायव्हर सांगितला तर कळला नाही.

वायर लावली. ड्रायव्हर पहिल्याच खेपेला बसला. मशीनमध्ये तुझा तो तुकडा होता, कंपनीला पाठवायचा. पूर्ण होता. एक म्हैस डबक्यातून उठते आणि अंग झटकते, बस, एवढंच. पण तिच्या अंगावरून उडणारा थेंब न् थेंब वेगळा. फहीम म्हणाला, काका, हे आपल्या काजलनं केलं? मी म्हटलं, तिनंच. तो गेल्यावर मी ती म्हैस कितीदा पाहिली ते विचारू नकोस.

आता ते वर्ष आठवतो. आईला जाऊन काही महिनेच झाले होते. मी तुला जाऊ नको म्हटलं नाही, हे मी आजवर स्वतःला सांगत आलो. पण तू पुण्याचं नाव काढलं की माझं ताट तसंच राहायचं, आणि मी तुला जा म्हणायचो ते भिंतीकडे बघून. ड्रायव्हर बसला नाही असं तू सांगितलंस त्या दिवशी मी हळहळलो, लोकांपुढे कॉम्प्युटरला शिव्याही दिल्या. पण पोटात मला बरं वाटलं होतं, गं. पोरगी राहिली, असं वाटलं. आणि ज्या पोरीला नोकरीसाठी पाठवायला माझा जीव होत नव्हता, तिला पुढच्याच वर्षी मी बँड लावून, पंगती उठवून मलकापूरला पाठवली. त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही की माणिकभाऊ, आता मागं तुझं कसं होणार. मीही विचारलं नाही. माझं काय झालं? काही नाही. मी भात करायला शिकलो. तुला पुण्याला पाठवलं असतं तरी भातच करायला शिकलो असतो.

यात गोकुळरावांचा काही दोष नाही. उलट जावई म्हणून मला असा माणूस मिळाला हे तुझं पुण्य. त्या वायरीनंतर मला राहवलं नाही आणि मी त्यांच्या ड्युटीच्या वेळात त्यांना परस्पर फोन केला. विचारलं, तिकडच्या मशीनला काय झालंय? ते म्हणाले, "मामाजी, मशीनले काही नाही झालं. परवापावतर तिनं त्याच्यावर काम केलं. मी तिले म्हनलं, तू जाय, मामाजीपाशी मी राह्यतो. ते आयकतच नाही." रागावू नकोस त्यांच्यावर. विचारलं म्हणून सांगितलं त्यांनी.

तर हे पत्र त्यासाठी. माझ्या ऑपरेशनला तू येऊ नकोस. अकोल्याच्या दवाखान्यात माझ्यासोबत गोकुळराव राहणार आहेत, त्यांनी रजा टाकली आहे. घरी आल्यावर बेबीताई दोन वेळचं बघणार आहेत, त्यांची भाकरी जाड असते पण पोट भरतं. मला त्रास होणार नाही असं मी म्हणत नाही. होईल. रोज दारात चप्पल वाजली की मला वाटेल, तू आलीस. तू आलीस तर मला इतकं बरं वाटेल की मी तुला परत जा म्हणू शकणार नाही, भिंतीकडे बघूनसुद्धा नाही. म्हणून आत्ताच, मन घट्ट आहे तोवर, लिहितो. तुकडा पाठव आणि पुण्याला जा. इकडे येऊ नकोस, बाळा.

तुझाच,
बाबा