शेजारची खोली

प्रिय हेक्टर,

तुझं पत्र मिळालं. अक्षर आईसारखं वाकडं व्हायला लागलंय. म्हणजे तिचा आजार तुझ्या हातांत उतरला. माझ्या पायांत आधी आला होता.

मी ठीक आहे. चाकाच्या खुर्चीची सवय झाली. अधूनमधून हॅलिफॅक्सच्या इस्पितळात जाते. नव्या औषधाचा प्रयोग सुरू होण्याआधी त्याचा आराखडा तिथे आम्हा रुग्णांना वाचायला देतात. डॉक्टरांना न सुचलेलं आम्ही विचारायचं. शेजारी आर्ची बसतो, जुना खाणकामगार. पहिल्याच बैठकीत डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बाई, उंदरांचं मत घेतलंत का? ते तर आमच्या आधी सुटले!" त्या हसल्या. आम्ही नाही हसलो.

मागच्या हिवाळ्यात आपल्याच आजारावरच्या औषधाचा आराखडा आला. आजार आहे तिथेच थांबेल अशी आशा आहे म्हणे. फक्त अधूनमधून रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस कोसळतो. मी विचारलं, "उचलणार कोण?" बाई म्हणाल्या, "घरी फोन असेलच ना." मग मी त्यांना आपल्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ सांगितली. मी ओव्हनपाशी पडलेली, गाल फरशीवर, हाका मारतेय. शेजारच्या खोलीत भाऊ हॉकीची मॅच बघतोय. त्याने आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मध्यंतरात आला, मला ओलांडून फ्रिजमधली बिअर घेतली आणि म्हणाला, "पुरे झाली नाटकं, एफी. आईनेही हेच केलं." मी तुझं नाव सांगितलं नाही. आर्चीने डोक्यावरची टोपी काढली.

माझी अट मंजूर झाली. 'हाकेला येणारं माणूस घरात हवं', असं मी सुचवलं होतं. बाई म्हणाल्या, "हाकेला येईल की नाही, हे आम्ही कसं तपासणार?" तेवढे शब्द त्यांनी गाळले. 'घरात राहणारं माणूस' एवढंच उरलं.

तू लिहितोस, एकटा राहतोस म्हणून तुला त्या औषधाच्या प्रयोगात न घेता परत पाठवलं. 'ही अट कुठल्या मूर्खाच्या डोक्यातून निघाली?' असंही विचारतोस. आता कळलं असेल. आणि शेवटी लिहितोस, 'झालं गेलं विसर, घरी ये, सोबत म्हणून तुझं नाव देऊ दे.' दे माझं नाव. खुर्चीतलं माणूस चालतं, मी विचारून घेतलंय. फोन करता आला की पुरे. रविवारी येते. तू औषध न चुकता घे. मी शेजारच्या खोलीतच असेन. टीव्हीचा आवाज अजून तितका वाढतो ना, तेवढं बघून ठेव.

तुझीच,
एफी