डाव्या चाकापाशी

आबा, परवा सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या तळपायाला एक ताठ दोरा टेकवला आणि विचारलं, "आजी, कळतंय का?" मला काही कळलं नव्हतं. मी "हो" म्हणाले. साखरेचं दुखणं आहे, बोटं बधीर होतात, त्यात विशेष काही नाही. पण ते "हो" इतकं तुमच्या आवाजात आलं, की घरी आल्यावर भाकरी टाकायचं सोडून मी कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली. मी आधीच बोलायला हवं होतं, पण मी कुठल्याच गोष्टीला वेळेवर पोचले नाही.

तुमची गाडी आठवते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलाच तालुका होता, आणि हट्ट्याला आपल्या घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली तुम्ही एक एक भाग जमवून गाडी उभी करत होता. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, लिलावातल्या लष्करी जीपची, इंजिन भलत्याच गाडीचं, दारं डांबराची पिंपं कापून ठोकलेली. गाव तिला खिचडी म्हणायचं, आईसुद्धा म्हणायची. लष्कराच्या वर्कशॉपात जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलल्या, आता एक आपली. तिच्यातून शिरड शहापूरच्या बाजाराला माणसं न्यायची आणि कुणापुढं मान खाली घालायची नाही, एवढंच तुमचं म्हणणं होतं. मी चोवीस वर्षांची, नवऱ्यानं घालवून दिलेली, दोन वर्षं तुमच्या घरात होते. मला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त कुणी कशासाठी हाक मारली नाही. मी झाडलेलं अंगण आई पुन्हा झाडायची.

आणि एक दिवस तुम्ही हाक मारलीत. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा ती सरळ चालेना, स्टिअरिंग धरून ठेवलं तरी दारुड्यासारखी एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. तुम्ही परत आणलीत, खाली वाकून पुढच्या चाकांना जोडणारा टायरॉड त्याच्या टोकांच्या गोळ्याच्या सांध्यांशी हलवून पाहिलात आणि म्हणालात, "दोनी एंड गेले. बाई, इकडं ये जरा." मला वाटलं पाणी हवं असेल. तुम्ही माझ्या हातात पाना दिलात.

अजून मला ते काम पाठ आहे. गाडी दगडांवर चढवलेली, डावं चाक काढलेलं. आधी नटातली पिन सरळ करून ओढायची. मग नट सैल करायचा, पण पुरता काढायचा नाही, नाहीतर आटे ठोकून मरतात. टायरॉड एंडचा, म्हणजे टोकाच्या सांध्याचा, सुळका चाकाच्या लोखंडी हातात घट्ट रुतून बसलेला असतो, तो ओढून निघत नाही. मागून एक जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरून दुसऱ्यानं नेमका ठोका द्यायचा, म्हणजे हादऱ्यानं तो आपोआप सुटतो. तुम्ही मागचा हातोडा धरला होता. मी ठोकत होते. चौथा की पाचवा घाव घसरला आणि तुमच्या अंगठ्यावर बसला.

मी थांबले. अंगठ्याचं नख फाटलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तुमचं लक्ष सुळक्याकडं होतं.

"थांबलीस काहून? मार की."

"आबा, घाम पुसून राहिले."

मी पुन्हा मारलं. सुळका सुटला. तेव्हा कुठं तुम्ही हाताकडं पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, मग धोतराला पुसून म्हणालात, "ग्रीस लागलं असंल." जुनं ग्रीस काळं असतं, हे तुम्हीच मला घटकाभरापूर्वी दाखवलं होतं. मी चिंधी आणून अंगठा बांधला. मग एंड डावीकडं पिळायला गेले, तर तुम्ही खेकसलात, "उलटे आटे हायेत त्या बाजूचे! अन् मोजून काढ. जेवढे फेरे काढशीन तेवढेच नव्याला द्यायचे, न्हाई तर चाकं वाकडी बसतील." मी मोजत राहिले. तुमच्या आवाजात तकलीफ नव्हती, फक्त घाई होती.

हिंगोलीच्या भंगारबाजारात जुने एंड पोत्यावर ओतलेले होते. तुम्ही एकेक उचलत होता, गोळा फिरवत होता आणि ठेवून देत होता. चांगला एंड हाताला जड फिरतो, झिजलेला हलका, कुठंतरी खडा लागल्यासारखा. ते बोटांनाच कळतं. तीन-चार पाहून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "तू बघ गं, मला चष्मा न्हाई." त्याला चष्मा कशाला लागतो आबा? मी डोळे मिटून निवडले, एक उलट्या आट्यांचा, एक सुलट्या. भंगारवाले चाचा हसले. "मिस्त्री, तुम्हारे बेटी के हाथां को आँखां हैं." तुम्ही म्हणालात, "हाये मग! माझीच पोरगी हाये."

दुसऱ्या दिवशी गाडी सरळ धावली. शिरड शहापूरपर्यंत तुम्ही एका हातानं स्टिअरिंग धरून गेलात आणि मला शेजारी बसवलंत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दीड वर्षात बोटं आत वळली, मग रोगाचं नाव गावात फुटलं, आणि कुष्ठरोग्याच्या गाडीत कोण बसणार? माणसं तीन कोस चालत जायची, पण खिचडीत बसायची नाहीत. तुम्हाला लांबच्या दवाखान्यात ठेवलं, तिथंच तुम्ही गेलात. गाडी भंगारात गेली त्या दिवशी मी टायरॉड हलवून पाहिला. दोन्ही एंड घट्ट होते.

डॉक्टर म्हणाले होते, दीड वर्ष आधी आणलं असतं तर हात वाचले असते. आईनं कपाळ बडवून घेतलं, आम्हाला काय माहीत म्हणाली. मीही तिच्याबरोबर रडले. पण आबा, मला माहीत होतं. हट्ट्याच्या दवाखान्यात भिंतीवर तक्ता होता, मी तो रांगेत उभं राहून कितीदा वाचला होता: अंगाला बधिरपणा असेल तर लगेच दाखवा, गोळ्या मोफत. डाव्या चाकापाशी अंगठा बांधताना तो तक्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. मी भ्यायले, गावाला भ्यायले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही थोडं खरं आहे.

हा कागद मी तव्याखालच्या जाळात सारणार आहे, त्यामुळं आता लिहून टाकते. तुमची बोटं बरी झाली असती, तर तुम्ही मला पुन्हा हाक मारली नसती. भंगारबाजारातून परतताना ते दोन एंड माझ्या ओटीत होते, लुगडं ग्रीसनं काळं झालं होतं, तुमच्या अंगठ्याची चिंधी पुन्हा ओली झालेली मला दिसत होती, आणि मी खूश होते.